समुद्राच्या बातम्यांवरून शब्दांविना संगीत: बातमी सुरांत टिकते कशी?

पहाटपाळी

नमस्कार मंडळी,

प्रश्न संगीताचा आहे, पण सुरुवात बातमीपासून करावी लागेल.

मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक आहे, १९ वर्षं झाली. रात्रपाळी संपवून नायगावला घरी पोचायला दोन-अडीच वाजतात. लगेच झोप लागत नाही. त्या तास-दीड तासात मी संगीत करते. अॅम्बियंट म्हणतात तो प्रकार. ठेका नाही, गाणं नाही, लांबवलेले सूर आणि मध्ये भरपूर जागा. साधनं म्हणाल तर वडिलांची जुनी पायपेटी, एक लॅपटॉप, त्यात रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आणि मुठीत मावणारा रेकॉर्डर.

समुद्राच्या बातम्या मी कापून ठेवते. माहेर पालघरकडचं आहे, त्यामुळे नजर तिथे आपोआप थांबते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांचा पी-३०५ हा बार्ज बुडाला, तो आठवडा माझ्या टेबलावरून गेला. बार्जवर २६१ माणसं होती. वाचवलेल्यांचा आकडा १८६ वर थांबला, मृतांचा मात्र रोज रात्री बदलत होता. मथळ्यात एक, मजकुरात दुसरा, चौकटीत तिसरा. ते तिन्ही जुळवणं हे माझं काम. एका रात्री मी सहा वेळा तो आकडा खोडून नवा लिहिला, आणि प्रत्येक वेळी मनात येत होतं की मी आता कुणाला तरी ‘बेपत्ता’मधून काढून ‘मृत’मध्ये टाकतेय.

त्यावर २०२२ मध्ये मी ११ मिनिटांची रचना केली. सहा सूर, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा थोडा खाली उतरलेला. ज्यांच्यामार्फत ती ऑनलाइन गेली त्यांनी ती ‘झोप आणि विश्रांती’ या सदरात टाकली. खाली प्रतिक्रिया यायला लागल्या. एका आईने लिहिलं, ‘खूप शांत वाटलं, बाळ दहा मिनिटांत झोपलं.’ बाळ झोपलं याचं मला वाईट वाटत नाही, मनापासून सांगते. पण त्या सहा सुरांत मी जे ठेवलं होतं त्यातलं काहीच पलीकडे पोचलं नाही, आणि ती चूक ऐकणाऱ्यांची नाही, माझी आहे.

आता दुसरी रचना हातात घेतलीय, आणि पुन्हा तेच होईल अशी भीती आहे. कात्रण २०२१ च्या सप्टेंबरमधलं. पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला ऑगस्टअखेरीस एका फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आले. तुम्हीही वाचली असेल, सगळीकडे आली होती. आमच्याकडे आलेल्या मजकुरात एक वाक्य होतं: ‘घोळ माशाच्या भूताला परदेशात मोठी मागणी असते.’ मी उकार काढला, काना-मात्रा दिला. भूत नव्हे, भोत. माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळाला जो भाव येतो तो मुख्यतः तिचा. वाळवून ती पूर्वेकडच्या देशांत जाते. आजोळी पडवीच्या वाशाला टांगलेली भोतं मी लहानपणी पाहिलीत. पिवळट, कडक, उजेडासमोर धरली की आरपार दिसणारी. बोटाने टिचकी मारली की टणटण वाजायची आणि आजी ओरडायची.

त्या रात्रीपासून हा शब्द डोक्यात आहे. पण संगीतात तो आणायचा कसा? नुसती पेटी लांबवली तर पुन्हा ‘शांत समुद्र’ होणार. बातमी कुणाकडून वाचून घेऊन खाली ठेवावी, तर ते आकाशवाणीचं रूपक होतं. माझ्याकडे लिलावाचं आणि बोटीच्या इंजिनाचं रेकॉर्डिंग आहे. पी-३०५ च्या वेळचे समाजमाध्यमांवर फिरलेले व्हिडिओही आहेत, त्यांतले आवाज अजून वापरलेले नाहीत. वापरावेत का? की नाव आणि दोन ओळींची टीप एवढ्यावरच सोडून द्यावं? ज्यांनी असं काम केलंय किंवा ज्यांना समुद्र माझ्यापेक्षा जवळचा आहे, त्यांनी कृपया लिहावं.

—

जुनी कॅसेट

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला गॅव्हिन ब्रायर्स आठवला. इंग्रज संगीतकार. १९६९ मध्ये त्याने ‘द सिंकिंग ऑफ द टायटॅनिक’ या रचनेला हात घातला, पहिलं ध्वनिमुद्रण १९७५ चं. ती रचना जहाज बुडालं यावर आहे असं सगळे म्हणतात, पण तिचा धागा वर्तमानपत्रातल्या एका मुलाखतीत आहे. टायटॅनिकवरचा दुसरा वायरलेस ऑपरेटर हॅरल्ड ब्राइड वाचला. त्याची हकिकत १९ एप्रिल १९१२ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. तो म्हणाला, मी पाण्यात होतो तेव्हा बँड ‘ऑटम’ वाजवत होता. इतर काहींच्या आठवणीत वेगळंच भजन होतं.

ब्रायर्सने ब्राइडचं ते एक वाक्य धरलं. बँड थांबलाच नसेल आणि वाजवत वाजवत पाण्याखाली गेला असेल, तर त्या सुराचं खाली काय झालं असेल? हवेपेक्षा पाण्यात आवाज चांगला जातो, मग तो अजून फिरत असेल का? रचना म्हणजे एवढंच. तंतुवाद्यांवर ते भजन, अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला ते जास्त जास्त पाण्यात गेल्यासारखं. १९९० मध्ये फ्रान्समधल्या बूर्ज शहरात त्याने ती एका जुन्या पाण्याच्या टाकीच्या इमारतीत वाजवून रेकॉर्ड केली, तिथला घुमारा मिळावा म्हणून.

तुमच्या ११ मिनिटांच्या रचनेत काय राहिलं असेल ते मला यावरून दिसतं. तुम्ही अख्ख्या दुर्घटनेवर रचना केलीत. सूर खाली उतरले म्हणजे बुडणं, हे चित्र कुठल्याही बुडण्याला लागू पडेल, झोपेलाही. ब्रायर्सकडे एक प्रश्न होता, आणि तो फक्त त्याच बातमीतून निघू शकत होता. तुमच्याकडेही वाक्य आहे, तुम्हीच दुरुस्त केलेलं. त्याच्यात प्रश्न कुठे दडलाय तो शोधा. समुद्र, वादळ, मृत्यू हे तूर्त बाजूला ठेवा.

—

माळरान

मी जरा वेगळं म्हणतो. बाळ झोपलं ही काही छोटी गोष्ट नाही. संगीताने बातमी वाहून न्यावी ही अपेक्षाच मला जड वाटते. बातमीसाठी वर्तमानपत्र आहे. सूर चांगला असेल तर तो तुमच्या मनातल्या कारणाशिवायही उभा राहतो, राहायला हवा. तुम्ही जे ठेवलंत ते तुमचं, ऐकणाऱ्याने त्याचं त्याचं ठेवावं.

—

सातपाटीचा

ताई, मुरबं आमच्या खाडीपलीकडे. ती बातमी आली तेव्हा आमच्या बंदरावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्या वागऱ्याची, म्हणजे जाळ्याची मासेमारी, मी आता बर्फाच्या धंद्यात आहे.

तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती कुठल्याच पेपरात आली नाही. घोळ बोलतो. घोळ, कोथ, ढोमी हे सगळे एकाच कुळातले आणि हे मासे आवाज करतात. साधी ढोमी घ्या, जाळ्यातून काढून हातात धरली की कुरकुरते, बोटांना कंप लागतो. तो आवाज तोंडातून येत नाही, भोतातून येतो. भोताला लागून स्नायू असतात, ते भराभर आकसतात आणि भोत ढोलकीच्या पानासारखं घुमतं. बारकी ढोमी कुरकुरते, मोठ्या घोळाचा आवाज जाड असतो.

माझे आजोबा रात्री बोट बंद करून वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे आणि दांड्याचं टोक कानाला लावायचे. बाकीच्यांनी हलायचं नाही, तंबाखूसुद्धा मळायची नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मलाही ऐकवलं होतं. लांबून कुणीतरी लाकडी दरवाजा हळूहळू उघडतंय असं वाटलं, मग दुसरा दरवाजा, मग चार-पाच एकदम. आजोबा म्हणाले, थवा आहे. आता कुणी असं ऐकत नाही. फिशफाइंडर आहे, आणि इंजिन बंद करून थांबायला डिझेलचा हिशोब परवडत नाही.

म्हणजे बघा, ज्या भोताने तो एकमेकांना हाका मारतो, त्याच भोतासाठी त्याला धरतात. हे बोलायला मला कसंतरी होतं कारण आमचं घर त्याच्यावरच चाललं. पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

दुसरं, तुम्ही सूर लांबवता म्हणता तर भरतीचा हिशोब घ्या. आमच्याकडे पाऊणपट चालते. तिथीला पाऊणाने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. उधाण पुनवे-अमावास्येच्या आसपास, अष्टमीकडे भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. घोळाची बातमी करायची तर पाणी कुठल्या तिथीचं आहे ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे, असं मला वाटतं.

—

किनारावार्ता

मी ३० वर्षं किनाऱ्यावरच्या बातम्या केल्या, आता निवृत्त आहे. पी-३०५ च्या आठवड्यात मी मुंबईत होतो, म्हणून फक्त व्हिडिओंबद्दल लिहितो.

वापरू नका. त्यातल्या काही माणसांनी रात्रभर लाइफ जॅकेटवर तरंगून जीव वाचवला. आयएनएस कोची त्यांना घेऊन मुंबईला लागली तेव्हा त्यांच्या अंगावर खाऱ्या पाण्याने सोललेली कातडी होती. ते आमच्याशी बोलले ते लोकांना कळावं म्हणून, घरच्यांना कळावं म्हणून. तो होकार बातमीपुरता होता. तो आवाज पाच वर्षांनी एखाद्या सुराखाली सरकवायचा असेल तर पुन्हा त्या माणसाच्या दारात जाऊन विचारावं लागेल. आणि ज्यांचे आवाज आहेत ते आज आहेत की नाहीत हे तुम्हाला माहीत नसेल, तर प्रश्नच संपला.

शवागाराबाहेरची एक गोष्ट माझ्या बातमीत कधी गेली नाही. नातेवाईक रांगेत उभे होते आणि हातातल्या फोनवरून पुन्हा पुन्हा त्याच नंबरला लावत होते. लागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक फोनमधून तीच बाईची रेकॉर्डेड सूचना, वेगवेगळ्या भाषांत, थोडी थोडी मागेपुढे. मी तिथे तीन तास होतो. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, तो मी खिशातून काढला नाही. आजही मला ते योग्य वाटतं.

पत्रकारितेवरून संगीत ही कल्पना मला मुळीच परकी नाही. इयान अर्बिना या अमेरिकी पत्रकाराने २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये भर समुद्रातल्या बेकायदा कारभारावर मालिका लिहिली आणि पुढे देशोदेशींच्या संगीतकारांना त्या वार्तांकनावर, जहाजांवर टिपलेल्या आवाजांवर रचना करायला बोलावलं. म्हणजे वाट आहे. पण तुमची जागा मला जास्त चांगली वाटते. तुम्ही बातमी करायला गेला नव्हतात, बातमीतला शब्द नीट करत होतात. तुमच्या हातून गेलेला तो एक शब्द तुमचा आहे, तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. लिलावाचं रेकॉर्डिंग मात्र बंदरावरच्या बायकांना ऐकवून, विचारून घ्या. त्या बोली कोण लावतंय ते आवाजावरून ओळखतात.

—

हर्ट्झ

मी रेकॉर्डिंगचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

सातपाटीच्या दादांनी सांगितलेला वल्ह्याचा प्रयोग अगदी बरोबर आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. पाण्यातला आवाज पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, हवेत येतच नाही. लाकूड मात्र तो कानापर्यंत आणतं. तुम्हाला हेच हवं असेल तर महागडा हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, लागत नाही. बाजारात पिएझोची, म्हणजे कंपनाचं विजेत रूपांतर करणारी चकती मिळते, २७ मिलिमीटरची. तिला शिल्डेड वायर जोडायची, सगळीकडून एपॉक्सीने बंद करायची, एक बारीक छिद्रसुद्धा राहू द्यायचं नाही. इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) गिटारसाठी जे इनपुट असतं तिथेच लावा, साध्या लाइन इनपुटला लावलं तर खालचा सगळा आवाज पातळ होऊन जातो. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि दोन दिवस वाटत राहिलं की समुद्रात काहीच नाही.

किनाऱ्याजवळ टाकलीत तर सतत तडतड ऐकू येईल, फोडणीत मोहरी पडल्यासारखी. ती रेकॉर्डिंगमधली खोट समजून काढून टाकू नका. ती पिस्तूल-कोळंबीची, नांगी झटकन मिटताना तयार होणारा बुडबुडा फुटण्याचा आवाज.

मिक्सिंगचं एक. घोळाचा आवाज खालच्या पट्टीत असणार, आणि मोबाईलच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही उरत नाही. तुमची पहिली रचना लोकांनी बहुधा फोनवर ऐकली. उतरत गेलेले ते सूर त्यांच्यापर्यंत अर्धेच पोचले असतील. त्यामुळे जे सांगायचंय ते वरच्या भागातही कुठेतरी दिसू द्या: लाकडाची करकर, चामड्याचा घर्षणाचा आवाज. कान त्यावरून खालचा सूर समजून घेतो.

भरतीच्या गणिताबद्दल. ब्रायन ईनो या अॅम्बियंटवाल्या इंग्रज संगीतकाराने १९७८ च्या विमानतळासाठीच्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या फेऱ्या एकत्र फिरवल्या, एक साडेतेवीस सेकंदांची, एक सव्वीसला जरा कमी, एक जवळजवळ तिसाची. त्या पुन्हा एकत्र यायला फार वेळ लागतो, म्हणून ऐकताना काही पुन्हा येतंय असं वाटत नाही. तुम्ही फेऱ्यांची लांबी पाऊणपटीने ठेवलीत तर ते मुळात याच जातीचं होईल.

आणि पुढच्या वेळी रचना कुणाकडे द्याल तेव्हा सदर तुम्ही स्वतः लेखी कळवा. ती मोकळी जागा सोडली की समोरचा माणूस ऐकून नाही, नाव बघून ठरवतो. तुमच्या नावात ‘समुद्र’ असेल तर ते झोपेतच जाणार.

—

पहाटपाळी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण वाचून नुसतं ‘आभारी’ लिहिणं मला जमेना. आधी करून बघायचं होतं.

सातपाटीच्या दादा, भोत बोलतं हे मला माहीत नव्हतं. पालघरची असून, आजोळी त्यांच्याखाली झोपून, १९ वर्षं शब्द तपासून माहीत नव्हतं. तुमचं वाचलं त्या रात्री मी पायपेटीसमोर बसले आणि एकही पट्टी न दाबता नुसता भाता मारला. सूर नाही. चामडं ताणल्याचा आवाज, लाकडी सांध्याची करकर, आणि मग आतली हवा कुठूनतरी फटीतून जाते तिचा जाड, अडखळणारा आवाज. भाता म्हणजे हवेची पिशवीच की. वडील गेल्यापासून ती पेटी मी सुरासाठी वाजवत होते आणि हा आवाज रेकॉर्डिंगमधून काळजीपूर्वक पुसून टाकत होते. आता पहिली चार मिनिटं फक्त तोच आहे.

हर्ट्झ, चकती केली. पहिली गळली. दुसरी रविवारी ओहोटी संपताना धक्क्यावरून खाली सोडली. मोहरीची तडतड ऐकू आली, तुम्ही म्हणालात तशीच. घोळ नाही ऐकू आला, धक्क्याजवळ येणारही नाही. त्यामुळे घोळाचा आवाज रचनेत कुठेही नाही, आणि तो खोटा तयार करायचा नाही असं मी ठरवलंय. भाता आहे, तडतड आहे, आणि ज्या जागी त्याची हाक असायची तिथे तेवढीच जागा मोकळी आहे. फेऱ्या पाच आहेत, पहिली ४० सेकंदांची आणि पुढची प्रत्येक आधीच्यात ४० च्या पाऊणपटीची, म्हणजे ३० सेकंदांची भर घालून, ७०, १०० अशा वाढत जाणाऱ्या. तिथी मी श्रावण वद्य षष्ठीची धरली. कात्रणातल्या तारखेवरून मी पंचांग काढून पाहिलं, आणि मला वाटतं ते पाणी भांगाकडे झुकलेलं होतं. दादा, चुकत असेल तर सांगा, मी बदलेन.

किनारावार्ता, व्हिडिओ मी लॅपटॉपवरून काढून टाकले. तुम्ही सांगितलेल्या फोनच्या आवाजावर मला काहीही करायचं नाही, तो तुमच्यापाशीच राहू दे. लिलावाचं रेकॉर्डिंग घेऊन बंदरावर गेले होते. तिथल्या एका मावशींनी दोन वेळा ऐकलं आणि म्हणाल्या, हा माझा आवाज, ठेव, पण भाव ऐकू येतोय तेवढा काढ. म्हणून आकडे काढले, बोली राहिली.

माळरान, तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. ती रचना ऐकून अजूनही कुणाची मुलं झोपत असतील आणि मी ती तशीच ठेवली आहे. फक्त नाव बदललं. आधी ‘खोल’ होतं, आता ‘२६१’ आहे.

नवीन रचना साडेसोळा मिनिटांची झालीय. नाव ‘भोत’. टीप फक्त एका ओळीची आहे: मजकुरात आलेला शब्द, त्यावर माझी खूण आणि शेजारी दुरुस्त केलेला शब्द, जसं आम्ही समासात करतो तसं. मावशींना ऐकवल्याशिवाय ती कुठे टाकणार नाही. त्या म्हणाल्या, नारळी पुनवेच्या आधी ये, नंतर आम्हाला वेळ नसतो.